सातवी वही

३ एप्रिल

ताई,

हे पत्र कार्यालयाचं आहे. म्हणजे कागद, पाकीट आणि विषय, तिन्ही कार्यालयाचेच आहेत, तेव्हा शेवटपर्यंत वाचायला हरकत नाही. फोन केला नाही. तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं.

टोकाचं हवामान आणि आपत्तींचा धोका यांवरचा नवा अहवाल लिहिण्यासाठी तज्ज्ञ निवडायचं काम नऊ वर्षांनी पुन्हा आमच्या विभागाकडे आलं आहे. पुराचे लोक मिळाले, वादळाचे मिळाले, दुष्काळाचे तर इतके आले की त्यांना नकार कळवण्यात माझा एक आठवडा गेला. उष्णतेच्या प्रकरणाला आठ जागा आहेत. सात भरल्या. आठवी अजून रिकामी आहे. माझ्या तक्त्यात त्या जागेपुढे लिहिलंय: ‘राहत्या घरांच्या आतली उष्णता, प्रत्यक्ष मोजमापाचा अनुभव आवश्यक’.

असा अनुभव असलेली एकच व्यक्ती मला माहीत आहे. बावीस घरांत तापमापक टांगून पाच वर्षं वह्या भरणारी.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी काल जुनी फाइल मागवली. त्यात तुझं निवडपत्र आहे, आणि त्यामागे तुझं चार ओळींचं माघारीचं पत्र. मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, “कौटुंबिक कारणास्तव. काय कारण होतं, काही कल्पना?”

“नाही,” मी म्हणाले.

“बाई ओळखीच्या आहेत का तुझ्या?”

“ऐकून आहे.”

हे तुला कशाला सांगतेय कोण जाणे.

अर्ज सोबत जोडला आहे. मुदत ३० एप्रिल, संध्याकाळी पाच. त्याबरोबर मूळ वह्या पाठवाव्या लागतील, सगळ्या अकरा. नक्कल चालत नाही. हा नियम मी केलेला नाही.

आई बरी आहे. गुडघे सोडले तर.

आपली,
निवड विभाग

ता. क. खाली आधी ‘तुझी शेपूट’ लिहिलं होतं, मग त्यावर रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. खोडून काळं करायचं नाही, ही शिकवण तुझीच.


९ एप्रिल

ताई,

उत्तर नाही. पोचलं असेल असं धरून चालते.

आज दुपारच्या सुट्टीत लिहितेय. फाइलींच्या खोलीत बसलेय, इथे गार असतं. बाहेर एक्केचाळीस आहे. बाहेर म्हणजे वेधशाळेच्या मोकळ्या मैदानात, पांढऱ्या पेटीच्या सावलीत. तिथे त्रेचाळीस झालं की इशाऱ्याचा भोंगा वाजतो, कारखाने दुपारचे बंद होतात, शाळांमधल्या गार खोल्या लोकांसाठी उघडतात. बेचाळीसला काही होत नाही. हा त्रेचाळीसचा आकडा मागच्या अहवालात ठरला. त्या बैठकीत घरांच्या आत मोजलेलं कुणी नव्हतं. एक खुर्ची रिकामी होती, ती कुणाची ते तुला माहीत आहे.

आई आणि मी अजून त्याच खोलीत राहतो. वरच्या मजल्यावरची, पत्र्याची. मी किती वेळा सांगितलं, खालची शिंपीकाकांशेजारची खोली भाड्याने घेऊ. ती म्हणते, “खाली गेले की परत वर चढावं लागतं, म्हणून मी उतरतच नाही.” मी म्हटलं, अगं खाली राहायला जायचं तर परत वर कशाला चढशील? तर म्हणाली, “माझ्या वस्तू वर आहेत ना.” वस्तू म्हणजे बाबांची खाट आणि तीन डबे.

मागच्या रविवारी मी माळ्यावरून तुझा तापमापक काढला. तोच, गोल, घड्याळासारखा. काळा काटा आत्ताचं तापमान दाखवतो, आणि लाल काटा काळ्याच्या धक्क्याने वर सरकतो आणि तिथेच थांबून राहतो, दिवसभरात सगळ्यात जास्त किती झालं ते दाखवत. मधली कळ फिरवली की लाल परत खाली येतो. मी तो जुन्याच खिळ्यावर टांगला. टांगला आणि पाठ फिरवून उभी राहिले. आई म्हणाली, “भूत पाहिलंस का काय?”

मी रोज सकाळी निघताना त्याच्याकडे बघायचं टाळते.

ताई, त्या दुपारबद्दल आपण कधी बोललो नाही. मी बर्फ आणायला गेले होते. दुकान बंद होतं म्हणून पुढच्या दुकानात गेले, तिथे रांग होती. तुला वाटलं असेल मी कुठे होते, म्हणून सांगितलं.

आज वेधशाळेचे गृहस्थ आले होते. पहिल्या जागेवर निवडलेले. शिष्ट नाहीत, बोलके आहेत. मॅडमना म्हणाले, “आठवी जागा भरत नसेल तर माझ्याकडे जोडून टाका. उष्णता ती उष्णता, आतली काय आणि बाहेरची काय.” मॅडम म्हणाल्या, “तुमच्या पेटीत कुणी झोपत नाही ना.” ते हसले. मॅडमही हसल्या. पण मग मला म्हणाल्या, “तीस तारखेपर्यंत वाट बघू. नंतर जोडून टाक.”

जोडून टाकायचं काम माझं आहे. तक्त्यात दोन रकाने एक करायचे, एवढंच.

शेपूट


१६ एप्रिल

ताई,

आई ठीक आहे. हे आधी वाच. आई ठीक आहे.

काल बेचाळीस होतं. भोंगा वाजला नाही. मी कार्यालयात होते. साडेतीनला शिंपीकाकांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. म्हणाले, “वरून भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून गेलो. या तुम्ही.” मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, “या आधी.”

लगेच रिक्षा केली. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी उतरून धावत सुटले, मग रिक्षावाल्याने मागून हाका मारल्या, मग परत येऊन बसले. एवढं बावळटासारखं कुणी वागत असेल?

काकांनी तिला पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. त्यांच्या कापायच्या टेबलावर झोपवलं होतं, शिवायला आलेल्या कापडांवर, आणि ओल्या चादरीने गुंडाळलं होतं. काका म्हणाले, “बाई, अंग तव्यासारखं आणि घाम म्हणाल तर टिपूस नाही. जन्म इस्त्रीजवळ काढलाय मी, मला ऊन कळतं. हे ऊन नाही, हे दुसरंच काहीतरी आहे.”

आईने डोळे उघडून मला विचारलं, “ताई आली का शाळेतून?”

डॉक्टर आले, सुई लावली, बाटली लावली. संध्याकाळी ती मला ओळखून रागावली, की काकांच्या गिऱ्हाइकाच्या नव्या कापडावर मला कशाला निजवलंत. तेव्हा मी जिन्यात जाऊन बसले आणि रडले.

मग वर गेले. तापमापक बघायचाच होता. लाल काटा शेहेचाळीसवर होता.

बाहेर बेचाळीस, आत शेहेचाळीस. भोंगा गप्प. आपल्याच रस्त्यावर पत्र्याखालच्या किती खोल्या आहेत, मी मोजायला लागले आणि एकतीसला थांबले. त्या प्रत्येक खोलीखाली शिंपीकाका नाहीत.

आईला मी खालच्या खोलीत हलवलं आहे. ती अजून कुरकुरते. आता ती सुरक्षित आहे, तरी माझी भीती गेलेली नाही. उलट वाढली आहे. कारण मी जिन्यात बसले होते तेव्हा मला कळलं की मी तुला मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

आज एवढंच.


१८ एप्रिल

ताई,

बर्फ नव्हता. दुकान नव्हतं. रांग नव्हती.

सुट्टीचा दिवस होता. तू आईला घेऊन मावशीकडे गेली होतीस आणि बाबांना माझ्यावर सोपवलं होतंस, आणि आपल्या खोलीच्या नोंदींची सातवी वहीही. बारा वाजता नोंद, तीन वाजता नोंद. “काळा काटा वाचायचा, लिहायचं, बास. लाल मी आल्यावर बघेन,” असं जिना उतरताना सांगितलं होतंस.

साडेअकरालाच मला ती खोली सोसेना. पंखा गरम हवा ढकलत होता. माझ्याकडे कार्यालयाची किल्ली होती आणि फाइलींच्या खोलीत गारवा कायम चालू असतो, कागदांसाठी. मी बाबांना म्हटलं, अर्ध्या तासात येते, एक कागद विसरलाय. त्यांना कळलं असणार. ते म्हणाले, “जा, जा. येताना माझ्यासाठी पण थोडा गारवा आण, डब्यात भरून.” मी हसले. तांब्या भरून त्यांच्या हाताशी ठेवला आणि गेले.

खुर्चीत बसले. पाच मिनिटं डोळे मिटते म्हटलं. जाग आली तेव्हा पाच वाजले होते.

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी जिना चढून आत आले. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी त्यांच्याकडे गेले नाही, ताई. मी आधी वहीकडे गेले. तू सहाला येणार आणि रकाने रिकामे बघणार, या एकाच भीतीने. आदल्या दिवशीचे आकडे बघून मी बाराला अडतीस लिहिलं आणि तीनला साडेएकोणचाळीस. शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. आणि मग हाक मारली, बाबा, आले हो मी.

आधी वही भरली. मग बाबांकडे पाहिलं.

तांब्या तसाच भरलेला होता.

तू आणि आई आलात. आईचं रडणं, शेजारचे लोक, डॉक्टर. त्या सगळ्यात तू एकदाच भिंतीकडे गेलीस. वहीचं पान बघितलंस. लाल काटा बघितलास. मी दारात उभी होते, मला तिथून तो दिसत नव्हता, फक्त तुझी पाठ दिसत होती. मग तू वळून माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ नाही. आणि परत वळून कळ फिरवलीस.

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू काय केलंस ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तीन आठवड्यांनी तुझं माघारीचं पत्र आलं तेव्हाही कळलं, तू का येत नाहीयेस ते. वह्या दाखवल्या असत्यास तर सातवी वही उघडली गेली असती, आणि कुणीतरी विचारलं असतं की त्या दुपारी अडतीस कसं, आणि नोंद कुणी घेतली. ते पत्र मीच भोक पाडून फाइलला लावलं. आणि मग तू गाव सोडलंस, आणि मी तुला सोडू दिलं. सगळ्यांना सांगितलं, ताई फार मनाला लावून घेते.

नऊ वर्षं मला वाटत होतं तू मला माफ केलं नाहीस म्हणून बोलत नाहीस. त्या दिवशी जिन्यात वाटलं, मीच तुला बोलू दिलं नाही. मी समोर असले की तुला ती कळ परत परत फिरवावी लागली असती.

तू अर्ज भर असं मी म्हणत होते. कशी भरशील? तुझ्या वाटेत मीच बसले आहे.


२४ एप्रिल

ताई,

काल सकाळी मी मॅडमच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यात लिहिलंय की सातव्या वहीतल्या त्या तारखेच्या दोन नोंदी मी घेतलेल्या नाहीत, मनाने लिहिल्या आहेत. त्या दिवशीचा लाल काटा फक्त माझ्या बहिणीने पाहिला. मी त्या तज्ज्ञाची सख्खी बहीण आहे आणि ते मी लपवलं. खाली सही, तारीख.

मॅडमनी दोनदा वाचला. मला बसायला सांगितलं नाही. मग म्हणाल्या, “ऐकून आहेस म्हणाली होतीस ना तू?”

“हो.”

“बरंच ऐकलेलं दिसतंय.”

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “माझी सासू पत्र्याखाली राहायची. आम्ही म्हणायचो, म्हातारीला सवय आहे.” मग एकदम कामाचा आवाज काढून म्हणाल्या, “हे बघ. बावीस घरं, पाच वर्षं, त्यात दोन खोट्या नोंदी. स्वतःहून सांगितल्या तर वह्या टिकतात. दुसऱ्या कुणाला सापडल्या तर माणूस जातो. पण मला तुझा कागद पुरत नाही. त्या दिवशी खरं किती होतं ते लागेल, आणि ते जिने बघितलं तिच्याकडून लागेल.”

“ती उत्तर देत नाहीये.”

“मग तीस तारखेला जोडून टाकावं लागेल. आणि ते तू करायचं नाहीस. आजपासून तू या टेबलावर नाहीस.”

मला आवक-जावकला बसवलं आहे. येणाऱ्या टपालावर शिक्का मारायचा. पुढे काय होईल ते माहीत नाही, चौकशी होईल म्हणतात. गंमत म्हणजे त्याची भीती वाटत नाही. भीती दुसरीच आहे. पुढच्या आठवड्यात बेचाळीसच्या आसपास राहील, असं वेधशाळेचे गृहस्थ म्हणाले. आसपास. म्हणजे भोंगा वाजणार नाही. मी कार्यालयातून घरी येते तेव्हा वर बघते, पत्र्यांकडे, आणि प्रत्येक खिडकीत कुणीतरी हलताना दिसेपर्यंत मला पुढे जाववत नाही. काल एका खिडकीत कुणीच दिसेना म्हणून मी जिना चढून दार वाजवलं. बाई डोळे चोळत आल्या. म्हणाल्या, “काय विकताय?”

ताई, लाल काटा कुठे होता? तो आकडा जगात फक्त तुला माहीत आहे. मला तो ऐकायची इतकी भीती वाटते की मी नऊ वर्षं विचारला नाही. आता विचारतेय.

माझ्यासाठी येऊ नकोस. त्या एकतीस खोल्यांसाठी ये.

शेपूट


३० एप्रिल

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. तू परवाच्या गाडीने येते आहेस असं अर्जावर, ‘मुलाखतीस केव्हा उपलब्ध’ याच्या पुढे लिहिलंयस, तेव्हा हातातच देईन.

तुझं पार्सल आज अकरा वाजता आलं. आवक-जावकला मी होते, म्हणजे शिक्का मलाच मारावा लागला. पुठ्ठ्यावर तुझं अक्षर होतं. शिक्का दोनदा मारला, पहिला नुसताच हवेत गेला.

अर्ज पूर्ण भरलेला. एकही रकाना रिकामा नाही. अकरा वह्या सुतळीने बांधलेल्या, सातवी सगळ्यात वर, आणि तिच्यात एका पानापाशी दोरा घातलेला.

मी ती मॅडमच्या समोर उघडली. एकटीने उघडायचा धीर नव्हता.

माझे दोन आकडे जिथल्या तिथे होते. अडतीस. साडेएकोणचाळीस. किती नीटस अक्षरात लिहिलेत गं मी. आणि शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या, जिथे मी कधी बघितलंच नव्हतं, तुझं बारीक अक्षर. त्याच दिवसाची तारीख, संध्याकाळी सात.

‘लाल काटा साडेसत्तेचाळीस. नोंदीपूर्वी मी तो खाली आणला. दुपारच्या दोन नोंदी प्रत्यक्ष घेतलेल्या नाहीत.’ खाली तुझी सही. माझं नाव नाही.

म्हणजे तू पुसलं नव्हतंस. बाबा खाटेवर होते, आई रडत होती आणि तू खरं लिहून ठेवलं होतंस. खोटं तुला लिहवलं नाही आणि खरं दाखववलं नाही, म्हणून नऊ वर्षं वही बांधून ठेवलीस.

साडेसत्तेचाळीस, ताई. मी गार खुर्चीत होते.

मॅडमनी वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, “त्या दिवशी बाहेर किती होतं?” वेधशाळेचे गृहस्थ बसलेलेच होते. त्यांनी त्यांच्या नोंदीत शोधलं. एक्केचाळीस. त्यांनी तो आकडा हळू आवाजात सांगितला आणि आपली फाइल मिटली. मग ते मॅडमना म्हणाले, “आठवी जागा माझ्याकडे जोडू नका.”

पानात एक चिठ्ठी होती, ती मी त्यांना दाखवली नाही. तुझ्या नेहमीच्या काटकसरीत तीन वाक्यं. ‘आईला परत वर जाऊ देऊ नकोस. उत्तर द्यायला मला वेळ लागला. रेघ तू मार.’

मी मॅडमकडे पेन मागितलं. त्यांनी पट्टीही पुढे केली. ती मी घेतली नाही.

अडतीसवर एक. साडेएकोणचाळीसवर एक. बाजूला लिहिलं, ‘नोंद घेतली नव्हती, मी खोलीत नव्हते’, आणि माझं पूर्ण नाव, आजची तारीख.

रेघा सरळ आल्या नाहीत. खालचं वाचता येतं.